आमचे शेअर उसने मिळणार नाहीत

...आणि वर मलाच म्हणतात, ‘डेल, तू फार घाबरतोस!’ आता बोला! अहो, ज्या माणसानं एकोणतीस वर्षं आइस हॉकीच्या मैदानावर बर्फ सपाट करायची गाडी चालवली, ताशी चौदा किलोमीटरच्या वर जिनं कधी काटा नेला नाही अशी गाडी, त्याच त्या मैदानात, गोल गोल गोल... त्या माणसाला तुम्ही शेअर बाजारात ढकलता, त्याच्या मागे न्यूयॉर्कचे लांडगे लावता, आणि मग म्हणता घाबरू नकोस? घाबरू नको तर काय करू, तुम्हीच सांगा!

डेलबर्ट टॅकबेरी माझं नाव. टॅनर्स फॉल्समध्ये कोणालाही विचारा. म्हणजे... आता नका विचारू. आता जरा नाजूक आहे परिस्थिती.

त्याचं असं झालं, तुम्हाला सांगतो, आमच्या गावात बिस्किटांचा कारखाना होता. आल्याची बिस्किटं. साठ वर्षं आख्ख्या गावाला आल्याचा वास! नवरा-नवरी चर्चमधून बाहेर आले तरी आल्याचा वास, मयत नेली तरी आल्याचा वास. मग तो कारखाना गेला मेक्सिकोला. गाव बसलं हात चोळत. सहा वर्षं त्या इमारतीत कबुतरं. आणि मग सरकारनं गांजा कायदेशीर करायचं ठरवलं, आणि त्या इमारतीत आली लून क्रीक कंपनी. गांजाची! दालनं बांधली, दिवे लावले, झाडं लावली, तीनशे माणसं कामाला घेतली. त्यात आमची ट्रिना, माझी मुलगी. तीन वर्षं बेकार बसलेली पोरगी, सकाळी पांढरा झगा घालून कामाला जायला लागली. गावाला आता स्कंक, म्हणजे तो घाण वास सोडणारा प्राणी, मेल्यासारखा वास यायला लागला, पण एका माणसानं नाक धरलं नाही, हं! पाद्रीबाबा म्हणाले, ‘रोजगाराचा सुगंध आहे हा.’ पाद्रीबाबा!

आणि मग शेअर. शेअर सगळ्यांनी घेतले. पहिला कोण? रोझेअर. रोझेअर शार्लबुआ, माझा चाळीस वर्षांचा दोस्त, विजेचे मीटर वाचून वाचून निवृत्त झालेला. एवढा धिप्पाड माणूस आणि आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाला कुजबुजला तरी या टोकाचा गोलकीपर दचकतो. तो म्हणाला, ‘डेल! आपल्या गावाची कंपनी! आपण नाही घ्यायचे तर कोणी घ्यायचे? टोरोंटोवाल्यांनी?’

माझ्याकडे पैसे होते. आईचा तळ्याकाठचा जमिनीचा तुकडा विकला होता त्याचे. त्यावर नोरीनचा, म्हणजे आमच्या हिचा, डोळा होता. तिची बहीण फ्लोरिडात असते. तिच्या शेजारी एक फिरतं घर विकायला होतं, दोन खोल्यांचं, दारात लिंबाचं झाड. नोरीनला संधिवात आहे हो. जानेवारीत उणे पंचवीसमध्ये तिच्या बोटांना जिन्याचा कठडा धरवत नाही. तर ती म्हणाली, ‘अर्धे घाल, डेल. अर्धे माझ्या लिंबाच्या झाडाला ठेव.’

मी सगळे घातले. पाच डॉलरला एक शेअर. का घातले? भीतीनं! अहो, सगळ्यांना मिळाले आणि आपल्यालाच नाही मिळाले तर, ही भीती! लोक म्हणतात माणूस लोभानं बुडतो. खोटं आहे. लोभी माणूस निदान मजेत तरी असतो! मी पहिल्या दिवसापासून रोज सकाळी चार वेळा भाव बघायचो. घाबरू नको तर काय करू?

मग नोव्हेंबरात आला तो माणूस. घुबडं बघायला!

नाही, हसू नका. आमच्याकडे येतात हिवाळ्यात, उत्तरेकडून, पांढरी शुभ्र घुबडं, आणि ती बघायला माणसंही येतात. हा आला, गळ्यात ही एवढी दुर्बीण, तीन पायांवरचा कॅमेरा, मऊ आवाज, नवी कोरी टोपी. मैदानाच्या कँटीनमध्ये माझ्यासमोर बसला. ‘बसू का?’ म्हणाला. बसा की! ‘हे टार्ट इथलंच का?’ म्हटलं, माझ्या बायकोनं केलंय, लोणी-साखर भरून, खाऊन बघा. त्यानं खाल्लं, डोळे मिटले, म्हणाला, ‘मिस्टर टॅकबेरी, असं बटर टार्ट मी आयुष्यात खाल्लं नाही.’ संपलं! मी त्याच्या खिशात! मला तुम्ही म्हणा, तुमची गाडी छान आहे, मी तुम्हाला बँकेचा आकडा सांगेन. असा स्वभाव आहे माझा, काय करणार?

तर बोलता बोलता तो म्हणतो, ‘त्या कारखान्याच्या छपरावर एक घुबड बसतं रोज, पण रात्री दिवे फार असतील ना?’ आणि मी... हा मी, डेलबर्ट टॅकबेरी... म्हणालो, ‘छे हो! पाच नंबरच्या दालनाच्या बाजूनं जा. तिथले दिवे थँक्सगिव्हिंगपासून लागलेच नाहीत!’

आता हे मला कसं माहीत? ट्रिनानं सांगितलेलं, ऑक्टोबरात, थँक्सगिव्हिंगच्या रविवारी जेवताना. बटाटे वाढता वाढता. ‘बाबा, पाच नंबरमधून आम्हाला सगळ्यांना दोन नंबरमध्ये आणलं, तिथं आता काही नाही.’ मला काय वाटलं? साफसफाई चालली असेल! त्या माणसानं पाठ थोपटली माझी, दुसरं टार्ट मागवलं, आणि गेला. मी म्हटलं, किती सभ्य माणूस!

तीन आठवड्यांनी, मंगळवारी सकाळी, मी मैदानावर गोल गोल फिरतोय. बाजूच्या दारातून रोझेअर धावत आला. बर्फावर! बुटांनी! घसरला, पडला, उठला, ओरडला, ‘डेल! खलास! आपल्याला खलास केलं रे!’

न्यूयॉर्कच्या कोणा एका कंपनीनं अहवाल काढला होता. सत्तेचाळीस पानी. नाव काय? ‘लून क्रीक: पोकळ इमारत’. की ही कंपनी सांगते पाच दालनांत झाडं आहेत, प्रत्यक्षात कमी आहेत, सगळा फुगा आहे. आणि भाव? जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाचाचे दोन सत्तर! त्या दिवशी मी बर्फावर जो पट्टा मारला तो असा वाकडा, की संध्याकाळी हॉकीची पोरं विचारत होती, अंकल, भूकंप झाला का?

दुसऱ्या दिवशी गाव जमलं कर्लिंग क्लबमध्ये, म्हणजे बर्फावर दगड घसरवायचा खेळ खेळतात तिथं. दोनशे माणसं. रोझेअर टेबलावर चढला. ‘हा काय प्रकार आहे तो आधी समजून घ्या! समजा, मी डेलकडून त्याचं बर्फ उडवायचं यंत्र उसनं नेलं. डिसेंबरात! जेव्हा मागणी आहे! नेलं आणि विकून टाकलं आठशे डॉलरला. मग गावभर बोंब मारली की ही यंत्रं भंगार आहेत, बोटं तोडतात! झालं, भाव पडला. मग दोनशेला तसलंच एक विकत घेतलं, डेलला परत केलं, सहाशे माझ्या खिशात!’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. जणू मीच दिलं यंत्र!

‘आणि डेलला,’ रोझेअर गरजला, ‘डेलला पत्ताच नाही! कारण त्याला न विचारता त्याच्या गॅरेजमधून नेलं! तुमचे शेअर, तुमची बँक, तुम्हाला न विचारता, याच चोरांना उसने देते! आपलीच काठी, आपल्याच डोक्यात!’

मागून एक बाई रडायला लागली. मग ठराव झाला: प्रत्येकानं बँकेला फोन करायचा आणि सांगायचं, आमचे शेअर उसने मिळणार नाहीत. आणि कोणी विकायचा नाही. एकही नाही! जगभरातले असले छोटे गुंतवणूकदार इंटरनेटवर हेच करतायत, रोझेअर म्हणाला, आपण सगळ्यांनी मूठ आवळली की त्यांना परत द्यायला शेअर मिळणार नाहीत, आणि मग बघा कसे नाचतात ते! टाळ्या! मीही वाजवल्या. मला बरं वाटायला लागलं होतं हो, खरंच.

आणि मग त्यानं तो अहवाल काढला. पान एकोणीस. मोठ्यानं वाचलं.

‘गावातील एका जाणकार रहिवाशानं आमच्या प्रतिनिधीला सांगितलं की पाच नंबरच्या दालनातले दिवे थँक्सगिव्हिंगपासून लागलेच नाहीत.’

...तुम्हाला सांगतो, माझ्या कानात एकदम शिट्टी वाजायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला जाणकार म्हटलं होतं, आणि ते हे असं!

रोझेअर म्हणाला, ‘आपल्यात फितूर आहे. इथं, या खोलीत असेल! सापडू दे मला. त्याला मैदानात बर्फावर उताणा झोपवतो आणि वरून डेलची गाडी फिरवतो! काय डेल?’

मी काय म्हणणार? मी म्हटलं, ‘फिरवू.’

आणि ऐका पुढे! सचिव कोणाला केलं? मला! का, तर माझं अक्षर चांगलं. सचिवाची कामं दोन. एक, कोणी बँकेला फोन केला, कोणी नाही, याची यादी. आणि दोन, त्या फितुराचा शोध. घाबरू नको तर काय करू, तुम्हीच सांगा!

घरी आलो. नोरीन विणत बसली होती. वर बघितलं नाही. म्हणाली, ‘तो घुबडवाला ना?’

मी म्हटलं, ‘कोण घुबडवाला?’

‘किती टार्ट खायला घातलीस त्याला?’

‘...दोन.’

‘म्हणजे सगळंच सांगितलंस.’ आणि परत विणायला लागली. टाके मोजत! मी म्हटलं, नोरीन, ट्रिनाची नोकरी जाईल, कंपनीतली बातमी बाहेर फोडली म्हणून. रोझेअर मला मारेल. ती म्हणाली, ‘रोझेअर कोंबडीसुद्धा मारत नाही. पण ट्रिनाचं खरं आहे. गप्प बस.’ गप्प बस म्हणणं सोपं आहे! मला झोपेत बोलायची सवय आहे, त्याचं काय? मी हिला सांगितलं, खिडकी बंद ठेव, शेजारी ऐकतील.

मग बँकेला फोन. पाऊण तास तेच ते पियानोचं संगीत. मग एक मुलगी आली, गोड आवाजाची. ‘बोला सर, काय मदत करू?’ म्हटलं, माझे शेअर उसने द्यायचे नाहीत. ‘सर, तुम्हीच परवानगी दिलीये.’ मी? ‘हो सर, खातं उघडताना चौकटीत खूण केलीये.’ अहो, त्या अर्जात बावीस चौकटी होत्या! मी घाबरून सगळ्यांवर खुणा केल्या होत्या, एखादी राहिली तर खातं उघडणार नाही म्हणून! म्हटलं, खोडा ती खूण. ‘सर, खात्याचा प्रकार बदलावा लागेल.’ बदला! ‘सर, कारण काय लिहू?’ मी म्हटलं, ‘लिहा, भीती.’ ती म्हणाली, ‘सर, आज टॅनर्स फॉल्सचे तुम्ही एकसष्टावे.’

आणि सांगतो, मोहीम चालली! घरोघर फोन. ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यांनी पियानो ऐकला. देशभरातले लोक इंटरनेटवर आम्हाला शाबासकी द्यायला लागले. कोणी व्हँकुव्हरचा दातांचा डॉक्टर, कोणी हॅलिफॅक्सचा कोळी, सगळे म्हणत होते, टॅनर्स फॉल्स, घट्ट धरा! मला अभिमान वाटायचा, पण तेवढ्यापुरताच. कारण यादी घेऊन ज्या दारात जावं तिथं पहिला प्रश्न, ‘सापडला का रे तो?’

आणि एक विचित्र बघा. मी चौकशी करायला जायचो, तर लोकच बावचळायचे. मोटेलवाली मिसेस गार्व्ही, तिला नुसतं विचारलं की नोव्हेंबरात कोण उतरलं होतं, तर तिच्या हातातल्या किल्ल्याच पडल्या. पाद्रीबाबांना विचारलं, तर ते म्हणाले, ‘देव सगळ्यांना क्षमा करतो, डेल,’ आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, यांना कळलंय! सगळ्यांना कळलंय, की मीच आहे तो, आणि आता नुसती वाट बघतायत! मी गाडी चालवताना मागं वळून बघायला लागलो. बर्फ सपाट करायच्या गाडीत! मैदान रिकामं! मागून कोण येणार, सांगा!

आणि जानेवारीत... अहो, जानेवारीत भाव चढायला लागला! तीन. साडेचार. सहा! त्या लांडग्यांना शेअर परत द्यायचे होते आणि कोणी विकेना, म्हणून ते मिळेल त्या भावाला घ्यायला लागले. आठ! एका गुरुवारी, नऊ डॉलर वीस सेंट! क्लबमध्ये लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. पेपरात छापून आलं, की त्या न्यूयॉर्कवाल्यानं प्रचंड नुकसान सोसून हात झटकले, गेला सोडून! आम्ही जिंकलो! टॅनर्स फॉल्सनं न्यूयॉर्कला लोळवलं, तुम्हाला सांगतो!

घरी आलो तर नोरीननं संगणक उघडून ठेवलेला. म्हणाली, ‘डेल, आता विक. सगळे नको. अर्धे.’ आणि तिनं हात टेबलावर ठेवला होता. सुजलेला, लाल. नुसता ठेवला होता.

मी बसलो. आकडा भरला. बोट बटणावर नेलं. आणि फोन वाजला. रोझेअर! ‘डेल, सचिव म्हणून सगळ्यांना कळव. आता जो विकेल तोच फितूर! दुसरा पुरावाच नको!’

बोट तिथंच थांबलं माझं, हवेत. नोरीन बघतेय. फोनमध्ये रोझेअर श्वास घेतोय. आणि एवढ्यात दार उघडून आली ट्रिना. दुपारी! कामाच्या वेळेला! झगा काखेत गुंडाळलेला. डोळे सुजलेले. ‘बाबा, आमच्यातल्या नव्वद जणांना काढलं. तीन नंबरचं दालनही बंद. एवढा माल घेतच नाही कोणी. सोमवारी जाहीर करणार आहेत. बाबा, कोणाला सांगू नका, गप्प राहू म्हणून आमच्याकडून सही घेतलीये.’

मी फोन ठेवला. संगणक बंद केला. अहो, आता तर विकताही येईना! आतली बातमी कळल्यावर विकलं तर तुरुंग असतो म्हणे! विकावं तर तुरुंग, न विकावं तर खड्डा, सांगावं तर ट्रिनाची सही, न सांगावं तर रोझेअर बुडणार. त्यानं घर गहाण टाकून घेतले होते शेअर, बायकोला न सांगता. हे मला एकट्याला माहीत होतं. घाबरू नको तर काय करू? काय करू?

दोन दिवस मी जेवलो नाही. शनिवारी दुपारी मैदानावर होतो. पोरांचा सामना संपलेला, मैदान ओकंबोकं, मी गोल गोल. रोझेअर कठड्याला टेकून उभा, खुशीत. हातात कागद, त्यावर विजयाच्या मेजवानीची यादी. मी गाडी मधोमध थांबवली. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा. गाडी मधे थांबवली की खाली बर्फाला खड्डा पडतो, गरम पाण्यानं. पडला तर पडला! उतरलो, चालत गेलो त्याच्याकडे. माझा चेहरा बघून तो म्हणाला, ‘छातीत दुखतंय का रे?’

मी म्हटलं, ‘रोझेअर, तो फितूर मी आहे.’

त्यानं मेजवानीची यादी खाली ठेवली.

‘घुबडवाल्याला मी सांगितलं. पाच नंबरचं. पण ते खरं होतं, रोझेअर! दिवे खरंच बंद होते! आणि तू... तू विक. का ते विचारू नको. तू तुझे विक, सोमवारी बाजार उघडताच विक, मला काय करायचं ते कर.’ म्हणजे बघा, मी काय करत होतो ते मला कळत होतं, हाही गुन्हाच असेल कदाचित! पण चाळीस वर्षं हो! या माणसानं माझ्या आईच्या शवपेटीला खांदा दिलेला.

मी डोळे मिटले. म्हटलं आता बसणार एक. काहीच होईना. उघडले, तर रोझेअर बाकावर बसलेला. एवढा मोठा माणूस, हवा गेल्यासारखा. हळू आवाजात, त्याला हळू आवाज आहे हेच मला माहीत नव्हतं, म्हणाला, ‘तू काय दिलंस त्याला?’

‘टार्ट. दोन.’

‘मी घरी जेवायला बोलावलं होतं. दोनदा.’ मग म्हणाला, ‘मी त्याला मीटर दाखवला, डेल. कारखान्याच्या मागचा. कसा वाचायचा ते शिकवलं! इतकं कौतुकानं विचारलं रे त्यानं. अकरा वर्षं झाली मला निवृत्त होऊन, कोणी मीटरबद्दल विचारत नाही. वीज निम्मी जळतेय हे मीच सांगितलं. पान तेवीस. ते पान मी क्लबमध्ये वाचलं नाही.’

म्हणजे इतके दिवस हा माणूस मला फितूर शोधायला लावत होता, आणि स्वतः...? म्हटलं, रोझेअर! तो म्हणाला, ‘भीती वाटली रे.’ याला! भीती!

मग दोघांनी ठरवलं, सांगून टाकायचं. रविवारी क्लबमध्ये रोझेअर टेबलावर चढला नाही. खाली उभा राहिला आणि म्हणाला, मी बोललो त्या माणसाशी, डेलही बोलला. आणि तुम्हाला सांगतो, मागून मिसेस गार्व्ही उठली. ‘मी त्याला मोटेलची छपराकडची खोली दिली. भाडं कमी करून!’ मग मेकॅनिक उठला. मग पाद्रीबाबा उठले, ते तर त्याला चर्चच्या मनोऱ्यावर घेऊन गेले होते, तिथून कारखान्याचं मागचं आवार छान दिसतं म्हणून! एकेक करत एकोणीस माणसं! पहिल्यांदा कोणी हसलं नाही. मग कोणीतरी एक खुदकन हसलं, आणि मग जे हसू फुटलं... माणसं खुर्च्यांवरून पडली हो! दोन महिने आख्खं गाव रस्त्यात एकमेकांकडे बघत नव्हतं, आणि कारण काय, तर प्रत्येकाला वाटत होतं तो एकटाच बोलला!

मग हसू ओसरलं. आणि मिसेस गार्व्ही म्हणाली, ‘म्हणजे मग... सगळं खरंच आहे की काय, त्या माणसानं लिहिलेलं?’

नाही कसं म्हणणार? आपणच सांगितलेलं होतं ना सगळं! त्याला वेगवेगळ्या एकोणीस माणसांनी खरं सांगितलं, आणि आम्ही एकमेकांना एकानंही नाही.

रोझेअर माझ्याकडे बघत होता. मी ‘विक’ म्हटलं होतं त्याला. त्या खोलीत त्याचा भाऊ होता, मेहुणी होती, दोनशे माणसं होती, त्याच्या शब्दावर मूठ आवळून बसलेली. त्यानं नकारार्थी मान हलवली. म्हणाला, ‘शपथ मोडायची तर सगळ्यांची मोडू. ज्याला विकायचंय त्यानं उद्या सकाळी विका. मी मोकळं करतो.’

उद्या सकाळी! कंपनीनं साडेसातला जाहीर केलं, बाजार उघडतो साडेनऊला. उघडला तेव्हा एक डॉलर नव्वद. आणि बघा ना गंमत! अशा वेळी भाव पडताना निदान तो उसना घेऊन विकणारा तरी असतो, त्याला परत द्यायला घ्यावेच लागतात, तेवढंच एक गिऱ्हाईक. आम्ही त्यालाही पळवून लावलं होतं! खाली घ्यायला कोणी उरलंच नव्हतं. दुपारी ऐंशी सेंट. वसंत ऋतू आला तेव्हा अकरा सेंट.

ट्रिना आता शेजारच्या गावी हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात आहे, बरं चाललंय. रोझेअरनं बायकोला सांगितलं. ती तीन आठवडे बहिणीकडे होती, आता परत आली, पण मीटर हा शब्द त्या घरात काढायचा नाही. त्यानं परत काम धरलंय, शाळेची बस चालवतो. त्या न्यूयॉर्कवाल्याचंही बुडालं, बरं का, तो नऊ डॉलरला घाबरून पळाला होता. तोसुद्धा घाबरला! त्याचंच खरं ठरलं आणि त्याचेच पैसे गेले! मला त्याची कीव येते कधी कधी, शप्पथ.

आणि नोरीन? नोरीन एक अक्षर बोलली नाही. अजून नाही. याच्याइतकी भयंकर गोष्ट नाही दुसरी. भांडली असती तर मी निदान बाजू मांडली असती! थंडी पडली की कठड्याला जुना मोजा गुंडाळते आणि जिना चढते. मी मागून चढतो, हात पुढे धरून, पडली तर धरायला. ती म्हणते, ‘डेल, घाबरू नकोस.’ घाबरू नको तर काय करू, तुम्हीच सांगा!

तर परवा मला कोणीतरी म्हणालं, की आपले शेअर उसने दिले तर बँक त्याचं भाडं देते, थोडंफार. म्हटलं, चला! निदान नोरीनला मोज्यांची एक चांगली जोडी तरी येईल! फोन केला. पाऊण तास पियानो. तीच मुलगी, गोड आवाजाची! म्हटलं, बाई, मी टॅनर्स फॉल्सचा टॅकबेरी, ती खूण परत करा, आता माझे लून क्रीकचे शेअर उसने द्यायला माझी काही हरकत नाही. कोणालाही द्या. चोराला द्या!

तिनं खटाखट काहीतरी दाबलं. ‘केलं, सर.’ मग म्हणाली, ‘पण सर... चार महिन्यांत हा शेअर कोणी उसना मागितलाच नाहीये.’

‘एकानंही नाही?’

‘एकानंही नाही, सर.’

...म्हणजे बघा, एवढ्यासाठीच तर केलं होतं ना सगळं? सभा, शपथा, याद्या, दोनशे माणसांचा पियानो... की आमचे शेअर कोणी उसने नेऊ नयेत? तर नेत नाही बुवा कोणी. तुम्हाला सांगतो, आमची मोहीम शंभर टक्के यशस्वी झाली!